क्रिकेटवीर बाळू पालवणकर : कर्तृत्व आणि कोंडी

आमच्या समाजाच्या इतिहासात विचारवंत, शाहीर, सैनिक आणि सत्याग्रही यांची नावे आदराने घेतली जातात. खेळाडूंची नावे मात्र फारशी घेतली जात नाहीत. भारतीय क्रिकेटचा पहिला थोर गोलंदाज ज्याला म्हणता येईल, तो पुरुष अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार कुटुंबात जन्मला होता, ही गोष्ट आमच्या वसतिगृहातील किती मुलांना ठाऊक असेल? बाळू पालवणकर हे त्यांचे नाव. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यात आले. ब्रिटिश लष्कराने अस्पृश्य जातींना जी थोडीफार वाट मोकळी केली होती, त्याच वाटेने क्रिकेटही या घरात शिरले. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळायला शिकले. घरची ओढाताण होती, तेव्हा शाळा लवकर सुटली. पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे व तिच्यावर रूळ फिरवणे हे काम त्यांनी महिना तीन रुपयांवर धरले. पुढे 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले आणि पगार चार रुपये झाला.

रूळ ओढणे, जाळ्या बांधणे, रेषा आखणे ही त्यांची कामे. फावल्या वेळात सरावासाठी साहेब लोकांना गोलंदाजी टाकण्याची संधी त्यांना मिळू लागली. डाव्या हाताने, मंद गतीने, चेंडूला वळण देत ते टाकीत. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नाणावलेले फलंदाज. ते रोज बाळूंसमोर सराव करीत आणि प्रत्येक बळीमागे आठ आणे देत, अशी आठवण सांगितली जाते. साहेबांना उत्तम फलंदाज घडवणारा शिक्षक या अर्थाने एक मजूर होता. परंतु त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी हा मोठ्यांचा मान होता; घाम गाळून चेंडू टाकणे हे नोकराचे काम होते. जातिव्यवस्थेचा हा नमुना इंग्रजांच्या मैदानावरही असा उमटला होता.

पुण्यातील हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूंची गरज होती. त्यांना घ्यावे की नाही यावर क्लबात मतभेद झाले. अखेर विजयाच्या हव्यासाने सोवळ्यावर मात केली, पण ती मैदानापुरतीच. मैदानावर सवर्ण खेळाडू बाळूंनी टाकलेला चेंडू हातात घेत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. चेंडूला विटाळ होत नव्हता, पेल्याला होत होता! साताऱ्याच्या सामन्यात बाळूंनी युरोपियनांची फळी कापून काढली. त्यानंतर पुण्यात जाहीर सभांमधून त्यांची वाहवा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्या पुढाऱ्यांनीही त्यांचा गौरव केला.

प्लेगच्या काळात कुटुंब मुंबईस गेले. तेथे रेल्वेत नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याच्या संघात स्थान मिळाले. 1906 च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी एकंदरीत सामान्य झाली. बाळूंनी मात्र दौऱ्यात 114 बळी मिळवले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध 103 धावांत 8 बळी ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोत्तम कामगिरी ठरली. त्यावेळी त्यांचे वय पस्तीस होते आणि खांदा दुखावलेला होता. परत आल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराशी एल्फिन्स्टन महाविद्यालयातील तरुण भीमराव आंबेडकर यांचे नाव जोडले गेले आहे. त्या पिढीतील अस्पृश्य तरुणांना बाळू हे जिवंत उदाहरण वाटत होते.

एवढी कीर्ती मिळूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. कनिष्ठ खेळाडू कर्णधार झाले, बाळू मात्र वर्षानुवर्षे नुसते गोलंदाजच राहिले. अखेर 1920 साली बंधू शिवराम आणि विठ्ठल यांनी या अन्यायाच्या निषेधार्थ संघातून माघार घेतली. वादळ उठले. बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि सामन्यात काही वेळ त्यांनी संघाचे नेतृत्वही केले. तीनच वर्षांनी, 1923 साली, धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि चौरंगी स्पर्धा हिंदू संघाने जिंकली. थोरल्याला जे नाकारले गेले, ते धाकट्याने मिळवले. भावांनी घरी बसण्याचे धाडस केले नसते, तर हे घडले असते का, याचा विचार आमच्या वाचकांनी करावा.

आता चरित्रातील अवघड भागाकडे येऊ. 1932 साली स्वतंत्र मतदारसंघाचा प्रश्न पेटला, तेव्हा बाळूंनी बाबासाहेबांच्या भूमिकेला विरोध केला. पुणे करारावर त्यांचीही सही आहे. 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी विजयी झाले. या एका प्रसंगामुळे आमच्या समाजाने बाळूंना जवळजवळ विस्मृतीत टाकले.

आम्हांला हे योग्य वाटत नाही. बाळूंची राजकीय निवड चुकीची होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु ती समजून घेतली पाहिजे. कर्तृत्व दाखवले की सवर्ण समाज हळूहळू दारे उघडेल, हा त्यांच्या आयुष्याचा अनुभव होता. दारे थोडी किलकिली झालीही होती. बाबासाहेबांनी ओळखले की एका असामान्य माणसासाठी उघडलेले दार कोट्यवधी सामान्य माणसांसाठी बंदच राहते. ज्याच्या हातात फिरकी नाही, त्याच्या माणुसकीचे काय? या प्रश्नाचे उत्तर सत्कारसभेत मिळत नाही, ते हक्कांतच मिळते. बाळूंचे जीवन वाचले की बाबासाहेबांचे म्हणणे अधिक खोलवर पटते.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. त्यानंतर सव्वा वर्षाने बाबासाहेबांनी नागपूरला आणि मग आमच्या चांद्याला धम्मदीक्षा दिली.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातून आमच्या निवासी शाळांत येणारी अनेक मुले धावण्यात, कबड्डीत, व्हॉलीबॉलमध्ये निपुण असतात. त्यांच्या पालकांना आमचे सांगणे एवढेच की मुलांना खेळू द्या, आणि त्याबरोबर शिकूही द्या. बाळूंच्या हातची शाळा लवकर सुटली, ती आमच्या मुलांच्या हातून सुटता कामा नये. मैदान गाजवणाऱ्या मुलाला आपल्या हक्कांचेही भान असेल, तर त्याला तंबूबाहेर उभे करण्याची कोणाची छाती होणार नाही.