शोपाँचा उभा पियानो

कॉन्व्हेंटात पियानो शिकलो, पण शोपाँ फक्त परीक्षेपुरता! त्याची गोष्ट कळली ती हॉस्टेलवर. १८१० मध्ये वॉर्साजवळ जन्मलेला हा फ्रेडरिक १८३१ मध्ये पॅरिसला आला आणि गाजला. १८३८ च्या हिवाळ्यात छातीचं दुखणं घेऊन मायोर्का बेटावर गेला. तिथे वाजवायला त्याने पॅरिसहून प्लेयेल कंपनीचा उभा पियानो मागवला. याच्या तारा उभ्या, म्हणून भिंतीलगत मावतो. पण कस्टमवाल्यांनी तो अडवला! तोवर पठ्ठ्याने मिळाला तसल्या पियानोवर प्रील्यूड्सचं काम चालूच ठेवलं. जानेवारीत पियानो हाती आला, फेब्रुवारीत बेट सुटलं. पियानो तिथेच विकला. १८४९ मध्ये तो गेला, अवघ्या ३९ व्या वर्षी.

माझ्या कीबोर्डच्या दोन पट्ट्या बंद आहेत. नवा येईपर्यंत मी वाजवणंच सोडलं होतं. आजपासून पुन्हा सुरू!