रोमनगरीचे प्रेषित संत फिलिप नेरी

आपल्या देवळाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत एखाद्या साधूचें चरित्र द्यावें असा मंडळींचा आग्रह पडला, तेव्हां आमच्या मनांत प्रथम संत फ्रान्सिस झेवियर यांचें नांव आलें. पण त्यांचें चरित्र आपल्यांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. म्हणून ज्यांनीं झेवियरांचीं पत्रें वाचून हिंदुस्थानांत येण्याचें मनांत धरिलें, परंतु ज्यांना साठ वर्षें एकाच शहरांत काढावीं लागलीं, अशा एका पाद्रींची हकीकत आम्ही येथें देत आहों. शहरांतील देऊळ कशाकरितां असतें, हा प्रश्न ज्युबिलीच्या वर्षीं आपणांस पडावयास हवा. आणि त्याचें उत्तर ज्यांच्यापाशीं मागावें असे संत फिलिप नेरी यांच्यासारखे अधिकारी पुरुष थोडेच झाले.

फिलिप यांचा जन्म इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं १५१५ सालच्या जुलै महिन्यांत झाला. वडील फ्रान्चेस्को हे दस्तऐवज करून देणारे नोटरी, मिळकत बेताची. आई लुक्रेझिया मुलें लहान असतांनाच वारली. फिलिप यांचें शिक्षण संत मार्क यांच्या मठांतील डॉमिनिकन साधूंपाशीं झालें. मुलगा इतका गोड स्वभावाचा कीं सारा शेजार त्याला भला पिप्पो या नांवानें ओळखी. अठराव्या वर्षीं वडिलांनीं त्यांना मोंटे कासिनो पर्वताच्या पायथ्याशीं सान जेर्मानो गांवीं एका निपुत्रिक व्यापारी आप्ताकडे धाडिलें. दुकान, पैसा, वारसा, सर्व कांहीं तयार होतें. फिलिप तेथें फार दिवस राहिले नाहींत. रिकाम्या हातांनीं ते रोमची वाट चालूं लागले.

रोमची त्या वेळची दशा आपण ध्यानांत घेतली पाहिजे. १५२७ सालीं सम्राट् पांचवा चार्ल्स याच्या पगार थकलेल्या सैन्यानें तें शहर लुटून उद्ध्वस्त केलें होतें. घरें पुन्हां उभीं राहात होतीं, पण धर्मजीवन उभें राहात नव्हतें. कित्येक बिशप आपल्या धर्मप्रांतांत पाऊलही न टाकतां उत्पन्न खात, आणि कित्येक देवळांतून मिस्सा घाईनें उरकली जाई. हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. पण पवित्र ख्रिस्तसभेचे दोष झांकून तिच्या साधूंचें मोठेपण कळावयाचें नाहीं.

गालेओत्तो काच्चा नांवाच्या फ्लॉरेन्सच्या गृहस्थानें फिलिप यांना एक खोली दिली; त्याच्या दोन मुलांना ते शिकवीत. भाकर, पाणी आणि थोडीं ऑलिव्ह फळें, एवढाच त्यांचा आहार. तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचा अभ्यास त्यांनीं कांहीं काळ केला, मग पुस्तकें विकून पैसे गोरगरिबांस वांटून टाकिले. दिवसा इस्पितळांतील रोग्यांची शुश्रूषा आणि रात्रीं शहराबाहेर संत सेबास्तियन यांच्या भुयारी स्मशानांत एकांत प्रार्थना, असा त्यांचा क्रम होता. तेथेंच १५४४ सालीं, पेंटेकॉस्ट सणाच्या सुमारास, अग्नीचा गोळा आपल्या मुखावाटें हृदयांत उतरला असा त्यांना अनुभव आला. त्या दिवसापासून त्यांचें हृदय इतक्या जोरानें धडधडे कीं जवळ बसणारास तें जाणवे. मरणोत्तर वैद्यांनीं देह तपासला तेव्हां हृदयावरील फासळ्या बाहेर वळलेल्या आढळल्या.

या सर्व काळांत ते पाद्री नव्हते, साधे प्रापंचिक ख्रिस्ती होते, हें आमच्या वाचकांनीं विसरूं नये. बाजारांत, पेढ्यांवर, दुकानांच्या दारांत उभे राहून ते तरुण कारकुनांशीं हंसत-खेळत बोलत आणि सत्कर्माला आरंभ कधीं करावयाचा असें सहज विचारीत. १५४८ सालीं आपले पापनिवेदनगुरू पेर्सियानो रोझा यांच्या साह्यानें त्यांनीं पवित्र त्रैक्याच्या नांवानें एक बंधुमंडळ स्थापिलें. १५५० सालच्या ज्युबिलीस दूरदूरचे यात्रेकरू रोममध्यें आले. त्यांना उतरावयास जागा नाहीं, जेवावयास अन्न नाहीं. या मंडळींनीं त्यांचे धुळीनें भरलेले पाय धुतले, अन्न वाढलें, अंथरुणें घातलीं. पुढें इस्पितळांतून सुटलेल्या, पण कामास अजून अशक्त असलेल्या रोग्यांनाही हें मंडळ आसरा देऊं लागलें. ज्युबिली कशी साजरी करावी याचा हा एक नमुना आहे. आमच्या रोषणाईच्या खर्चाकडे पाहून आम्हांस तो वारंवार आठवला.

पेर्सियानो यांच्या आज्ञेवरून फिलिप यांनीं २३ मे १५५१ रोजीं गुरुदीक्षा घेतली. ते संत जेरोम यांच्या देवळाशेजारीं राहूं लागले आणि पापनिवेदनाच्या खुर्चींत जे बसले ते जवळजवळ मरेपर्यंत उठले नाहींत. दुपारीं त्यांच्या खोलींत पांच-सात तरुण जमत. पुढें खोली पुरेना, तेव्हां देवळाच्या माळ्यावर प्रार्थनामंदिर केलें. एकानें पुस्तक वाचावें, दुसऱ्यानें त्यावर साध्या शब्दांत बोलावें, मग सर्वांनीं गावें. जोव्हान्नी आनिमुच्चा यांच्यासारखे नामांकित संगीतकार तेथें गीतें रचून देत. त्या प्रार्थनामंदिरास ओरेटरी म्हणत. त्यावरूनच ओरातोरियो या संगीतप्रकारास तें नांव पडलें.

याच माळ्यावर झेवियरांचीं पत्रें वाचलीं गेलीं. १५५७ च्या सुमारास फिलिप व त्यांचे कांहीं शिष्य हिंदुस्थानांत येण्यास सिद्ध झाले. निर्णय स्वतः न करतां त्यांनीं त्रे फोन्ताने येथील एका वृद्ध सिस्टर्शियन साधूंचा सल्ला घेतला. साधूंनीं कळविलें कीं फिलिप यांचा हिंदुस्थान रोममध्येंच आहे. दूरच्या देशीं धर्मासाठीं प्राण देण्याची आस धरिलेल्या माणसाला त्याच गल्ल्या, तींच तोंडें आणि तींच तींच पापें ऐकण्यास परत पाठविलें गेलें. ते निमूटपणें परतले. आम्ही सेमिनरींत हें प्रथम वाचलें तेव्हां आम्हांला तो सल्ला निष्ठुर वाटला होता. धर्मग्रामांत इतकीं वर्षें घालविल्यावर तसा वाटत नाहीं.

त्रासही चुकला नाहीं. तरुणांना घेऊन ते रोमच्या सात देवळांची पायीं यात्रा काढीत. वाटेंत गाणीं, हिरवळीवर न्याहारी. १५५९ सालीं कार्डिनल व्हिकरांच्या मनांत संशय आला कीं हा कोणी नवा पंथ काढीत आहे. यात्रा बंद, पापनिवेदन ऐकणें कांहीं दिवस बंद. फिलिप यांनीं एका शब्दानें तक्रार केली नाहीं, आणि मनाई लवकरच उठली.

त्यांच्या विनोदाविषयीं पुष्कळ लिहितां येईल. लोक आपणांस साधू मानूं लागले असें दिसतांच ते अर्धीच दाढी काढून रस्त्यांत हिंडत. चेझारे बारोनियो या विद्वान् शिष्यास त्यांनीं खुशाल स्वयंपाकास लाविलें. आणि तो नरकावर भीतिदायक प्रवचनें करी म्हणून ख्रिस्तसभेच्या इतिहासावरच बोलण्याची आज्ञा केली. त्या आज्ञेचें फळ म्हणजे बारोनियो यांचा बारा खंडांचा इतिहासग्रंथ. पहिला खंड १५८८ सालीं निघाला. चमत्कारांची यादी आम्ही गाळतों. पानें थोडीं आहेत.

१५७५ सालीं पोप तेरावे ग्रेगरी यांनीं ओरेटरीच्या संघास मान्यता देऊन वाल्लिचेल्ला येथील पवित्र मरियेचें जुनें, मोडकळीस आलेलें देऊळ त्यांच्या हवालीं केलें. फिलिप यांनीं तें पाडावयास लाविलें. गंगाजळी रिकामी, तरी कारागीर आंखणी करूं लागला तेव्हां दोरी आणखी लांब, आणखी लांब ताणावयास त्यांनीं सांगितलें. खणतांना तेथें एक पुरातन भिंत लागली, ती पायाच्या कामीं आली, अशी कथा आहे. १५७७ च्या फेब्रुवारींत नव्या देवळांत पहिली मिस्सा झाली; रोमचे लोक त्याला आजही नवें देऊळ म्हणतात. स्वतः फिलिप मात्र जुनी खोली सोडीनात. पोपांची आज्ञा झाली तेव्हां १५८३ सालीं ते तेथें राहावयास गेले. कार्डिनलपद त्यांनीं हंसून टाळलें.

२५ मे १५९५, पवित्र देहाचा सण. ऐंशीच्या उंबरठ्यावरील फिलिप यांनीं मिस्सा केली, पापनिवेदनें ऐकलीं, भेटावयास आलेल्यांशीं बोलले. मध्यरात्रीनंतर रक्ताची गुळणी आली. बारोनियो यांनीं शिष्यांसाठीं आशीर्वाद मागितला. वाचा बंद झालेल्या गुरूंनीं हात किंचित् उचलला आणि प्राण सोडला.

१२ मार्च १६२२ रोजीं पोप पंधरावे ग्रेगरी यांनीं त्यांना संतपद दिलें, आणि त्याच दिवशीं, त्याच वेदीपुढें, फ्रान्सिस झेवियर यांनाही. हिंदुस्थान फिलिप यांना दिसला नाहीं. त्यांच्या संघाचे नियम मात्र येथें पोंचले. गोव्यांतील देशी पाद्रींनीं ते स्वीकारले, आणि फिलिप यांच्या मृत्यूनंतर नव्वद वर्षांनीं, १६८५ सालीं, बाणावलीचे जोसेफ वाझ त्या संघांत आले. दोन वर्षांनीं ते वेष पालटून सिलोनांत उतरले, १७११ सालीं कॅंडी येथें वारले, आणि २०१५ सालीं कोलंबो शहरीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांना संत म्हणून जाहीर केलें.