डॉ. होमी जहांगीर भाभा

सामर्थ्य संपादन करणे हे थोर पुरुषाचे लक्षण खरे. परंतु त्या सामर्थ्यास आपण होऊन मर्यादा घालून घेणे हे त्याहून थोर लक्षण होय. या दृष्टीने डॉ. होमी भाभा यांचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईस एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. मुलाने यंत्रशास्त्र शिकून जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. १९२७ साली ते केंब्रिजला गेले, यंत्रशास्त्राच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले, आणि पित्याची इच्छा अशी पुरी केल्यावरच आपल्या आवडीच्या पदार्थविज्ञानाकडे वळले. १९३९ साली ते सुटीवर स्वदेशी आले असता महायुद्ध पेटले व परतीची वाट बंद झाली. मग बंगलोर येथे त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन चालविले. १९४१ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांस आपले सभासद करून घेतले. १९४५ साली त्यांच्या खटपटीने टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली, आणि १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अणुशक्ति आयोगाचे अध्यक्षपद त्यांजकडे आले. ट्राँबे येथे उभारलेली 'अप्सरा' ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहिला. आयोगाचे अध्यक्ष भाभा, सरकारी खात्याचे सचिव भाभा आणि ट्राँबेचे संचालकही भाभाच! ज्याने बांधावयाचे त्यानेच तपासावयाचे, अशी ही स्थिती होती. शेजारी मुंबईसारखे गजबजलेले शहर, आणि किरणोत्सर्ग तर डोळ्यांस दिसत नाही की नाकास जाणवत नाही. भाभांनी ही जबाबदारी ओळखली. कामगारांस किंवा इतर कोणासही इजा होऊ नये, इतकेच नव्हे तर इतर संस्थांनी कित्ता गिरवावा अशा रीतीने हे पदार्थ हाताळले जावेत, असा आदेश त्यांनी फेब्रुवारी १९६० मध्ये काढला. १९६२ साली अणुभट्ट्यांच्या सुरक्षिततेचा विचार करण्यासाठी एक समितीही नेमण्यात आली. मात्र ही समिती त्याच घरातली होती, हे विसरता येत नाही.

तारापूरच्या वीजकेंद्राची योजना भाभांनी सिद्धीच्या मार्गास लावली. पण ते पुरे झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नास जात असता माँ ब्लां पर्वतावर विमान कोसळून त्यांचा अंत झाला. तारापूर केंद्र १९६९ मध्ये वीज देऊ लागले.

त्यांनी लावलेले रोप पुढे वाढले. १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले, आणि नव्या केंद्रास पायरीपायरीने संमती देण्याची रीत पक्की झाली. प्रथम जागेची परीक्षा: भूकंप, पूर, पाणी व लोकवस्ती यांचा विचार. मग आराखड्याची छाननी: वीज खंडित झाली तरी भट्टी थंड राहील काय, हे पटल्याशिवाय बांधकामास परवानगी नाही. त्यानंतर इंधन भरणे, साखळी-प्रक्रिया प्रथम सुरू करणे व शक्ती टप्प्याटप्प्याने वाढविणे, यांस निरनिराळी संमती. शेवटी चालविण्याचा परवाना, तोही ठराविक मुदतीचा. एका पायरीवर समाधान झाले नाही, तर पुढची पायरी चढता येत नाही.

तथापि, या मंडळास कायद्याने पुरेसे स्वातंत्र्य नाही, असा दोष महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात दाखविला. आम्हांस वाटते, भाभांच्या चरित्राचा खरा बोध येथेच आहे. त्यांच्यासारखा कर्ता पुरुष असता एकाच हाती सर्व सूत्रे असूनही निभावते. परंतु असे पुरुष प्रत्येक पिढीत निपजत नाहीत. म्हणून तपासणाऱ्याने बांधणाऱ्याचा मिंधा असू नये. विद्यार्थ्याने आपली उत्तरपत्रिका मनःपूर्वक लिहावी. गुण मात्र दुसऱ्यानेच द्यावेत, हेच उचित होय.