हाफकिन यांची लस आणि मुळशीचा पावसाळा

मुंबईतील परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे ते वाल्डेमार हाफकिन लसीचे संशोधक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. लोकांनी ती लस घ्यावी म्हणून त्यांना जी खटपट करावी लागली ती तितकीशी ठाऊक नाही. वस्तुतः त्यांच्या आयुष्यातील अधिक अवघड काम तेच होते.

1860 साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. धर्म बदलण्यास नकार दिल्यामुळे विद्यापीठातील जागा हुकली आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना प्रथम ग्रंथपालाचे काम पत्करावे लागले. 1892 मध्ये त्यांनी तयार केलेली पटकीची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला. अवघ्या तीन महिन्यांत हाफकिन यांनी त्यावर लस सिद्ध केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी तीही प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांची पाळी आली. जंतू वाढविण्याच्या द्रवात त्यांनी गोमांस टाळून शेळीचे मांस वापरले. प्रयोगशाळेबाहेरच्या माणसाचे मन इतक्या बारकाईने ओळखणारे शास्त्रज्ञ थोडेच.

त्याच वर्षी पुण्यात सरकारने जबरदस्तीचा मार्ग धरला. सोजीर घराघरांत शिरले. त्या संतापातून 22 जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. हाफकिन यांची भिस्त मात्र संमतीवर होती. आगाखानांनी चारचौघांत लस टोचून घेतली तेव्हा त्यांच्या अनुयायांची भीती पुष्कळच ओसरली. तरीही लसीनंतर ताप येई, आणि हातावर पोट असणाऱ्यास तापाचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. लस फुकट मिळाली तरी ती बिनखर्ची नसते, हे आपल्याकडील आरोग्य खाती सहसा विसरतात.

1902 मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, ते निलंबित झाले. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता, हे पुढे आले तरी निर्दोषत्व मान्य होण्यास 1907 साल उजाडले. 1930 मध्ये लोझान येथे ते निवर्तले.

इन्फ्लुएन्झा म्हणजे प्लेग नव्हे, आणि नेमकी तीच अडचण आहे. 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूच्या भयाने पुण्यात तपासणीसाठी रांगा लागल्या. भय सरले की रांगही सरते. फ्लूचा विषाणू रूप पालटतो म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते; ती घेऊनही काहींना आजार होतो, आणि टळलेला आजार कोणास दिसत नाही. राज्य शासनाने 2015 पासून गर्भवती स्त्रियांसारख्या जोखमीच्या गटांना ती मोफत देऊ केली, तरी देशात ही लस घेणारे प्रौढ फारच थोडे.

मुळशी तालुक्यात हा हिशेब अधिकच स्पष्ट होतो. आपल्या भागात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, आणि जुलैत तेथे भातलावणी चालते. त्या दिवसांत चिखलात उभी राहणारी बाई चार दिवस अंथरुणाला खिळली तर लावणी तिच्यासाठी थांबत नाही. लसीचा गुण येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणजे ती मे महिन्यातच घेतली पाहिजे. त्या वेळी घरोघर लग्नसराई आणि पेरणीची तयारी चालू असते, आणि धडधाकट माणूस दवाखान्याची वाट धरीत नाही. लसच तोवर वाडीपर्यंत पोहोचली पाहिजे.