देशाचे वकील विठ्ठलभाई पटेल

सरदार वल्लभभाई पटेल आपल्या सर्वांना माहीत आहेत. त्यांचा फोटो आपल्या वर्गात आहे. पण त्यांचे थोरले भाऊ विठ्ठलभाई हे सुद्धा फार मोठे पुढारी होते. मला आधी माहीत नव्हतं. गुरुजींनी सांगितलं, तेव्हा कळलं. ती माहिती मी इथे लिहीत आहे.

विठ्ठलभाईंचा जन्म गुजरातमधील नडियाद येथे २७ सप्टेंबर १८७३ रोजी झाला. त्यांचे गाव करमसद. वडील झवेरभाई शेती करत. विठ्ठलभाई शिकून वकील झाले. वकील म्हणजे दुसऱ्याची बाजू मांडणारा माणूस. धाकटे वल्लभभाई पण वकील झाले.

आता एक गंमत ऐका. बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला जावे लागे. वल्लभभाईंनी त्यासाठी पैसे साठवले होते. प्रवासाचे कागद टपालाने आले, ते विठ्ठलभाईंच्या हातात पडले. कारण इंग्रजीत दोघांचे नाव एकच, व्ही. जे. पटेल! विठ्ठलभाई म्हणाले, मी थोरला आहे, आधी मी जातो. वल्लभभाई रागावले नाहीत. त्यांनी कागद तर दिलेच, पण खर्चही सोसला. १९०५ साली विठ्ठलभाई गेले आणि १९०८ साली बॅरिस्टर होऊन आले. मग मुंबईत वकिली करू लागले. वल्लभभाई त्यांच्या मागून १९१० साली गेले. माझा भाऊ तर मला साधी सायकल देत नाही.

पुढे विठ्ठलभाई मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात निवडून गेले. कौन्सिल म्हणजे कायदे करण्याची सभा. त्या वेळी पुष्कळ मुलं शाळेत जात नसत. सर्व मुलांना शाळेत घालावे असा कायदा व्हावा म्हणून आपल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी देशाच्या मोठ्या कौन्सिलात खटपट केली होती. पण १९१२ साली त्यांचे बिल नापास झाले. विठ्ठलभाईंनी ते काम सोडले नाही. त्यांनी मुंबईच्या कौन्सिलात बिल आणले आणि १९१८ साली ते पास करून घेतले. इंग्रजी मुलखातला सक्तीच्या शिक्षणाचा तो पहिला कायदा. मात्र तो नगरपालिकांच्या गावांसाठी होता. आपल्यासारख्या खेड्यांना तो लागू नव्हता. साऱ्या देशातल्या सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी कायदा व्हायला २००९ साल उजाडले. बघा, केवढा वेळ लागला!

१९२३ साली विठ्ठलभाई दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. १९२५ च्या ऑगस्टमध्ये ते त्या सभेचे अध्यक्ष झाले. फक्त दोन मतांनी जिंकले. निवडून आलेले ते पहिलेच हिंदी अध्यक्ष. त्यांना पगार मोठा होता. पण त्यातला काही भाग ते दरमहा गांधीजींकडे देशकार्यासाठी पाठवत.

अध्यक्षाने कोणाचीच बाजू घ्यायची नसते. त्यांनी सरकारचीही घेतली नाही. १९२८ साली सरकारने एक बिल आणले. परदेशातून आलेली माणसं नको वाटली तर त्यांना देशाबाहेर घालवता यावे, असे ते बिल होते. दोन्हीकडे सारखी मतं पडली. सगळे अध्यक्षांकडे बघू लागले. विठ्ठलभाईंनी आपले मत बिलाच्या विरुद्ध दिले. बिल पडले!

सरकारने ते पुन्हा आणले. ८ एप्रिल १९२९ रोजी विठ्ठलभाई त्यावर निर्णय सांगायला उठणार, एवढ्यात मोठा आवाज झाला. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकले होते. सगळीकडे धूर झाला, धावपळ झाली. तीन दिवसांनी विठ्ठलभाईंनी निर्णय दिलाच. मीरतच्या कोर्टात तीच गोष्ट चालू आहे, म्हणून इथे चर्चा होणार नाही, असे त्यांनी सांगितले. मग व्हाइसरॉयने वटहुकूम काढून आपलेच खरे केले. पण विठ्ठलभाई डगमगले नाहीत.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. तेव्हा त्यांनी एवढी मोठी खुर्ची सोडून दिली. सरकारने त्यांना तुरुंगात घातले. तिथे तब्येत बिघडली. १९३२ साली ते औषधपाण्यासाठी युरोपात गेले. पण नुसते पडून राहतील तर ते विठ्ठलभाई कसले! ते आयर्लंडला गेले, अमेरिकेला गेले. गावोगाव भाषणे करून हिंदुस्थानची बाजू त्यांनी तिथल्या लोकांना पटवून दिली. आधी ते अशिलांचे वकील होते, मग मुलांचे झाले, आता सगळ्या देशाचे झाले.

या दगदगीने ते फार आजारी पडले. शेवटी सुभाषबाबूंनी त्यांची सेवा केली. २२ ऑक्टोबर १९३३ रोजी जिनिव्हाजवळ त्यांचे निधन झाले. परदेशात देशाची बाजू मांडण्यासाठी आपले पैसे वापरावेत, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. त्यांचा देह बोटीने मुंबईला आणला आणि तिथेच अग्नी दिला. मुंबईत गिरगावात त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

हा लेख लिहिताना मला माझ्या मैत्रिणीची आठवण आली. ती माझ्या शेजारी बसते. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाते. मग तिची जागा उन्हाळ्यापर्यंत रिकामी. ती हुशार आहे, तिचे पाढे माझ्यापेक्षा पाठ आहेत. कायदा झाला, पण ती अजून शाळेत येत नाही. तिची बाजू कोण मांडणार? मी वकील नाही. मी या वर्षी तिच्यासाठी दुसऱ्या वहीत सगळे धडे उतरवून ठेवणार आहे.

विठ्ठलभाईंना माझे वंदन.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी