चिलखताआडचा माणूस : उसामा इब्न मुनकिज

हिजरी सन ५८४, रमजानचा २३ वा दिवस. इसवी सनाप्रमाणे नोव्हेंबर ११८८. दमास्कस शहरात त्या दिवशी एका वृद्ध सरदाराने जगाचा निरोप घेतला. चांद्र वर्षांच्या हिशेबाने त्यांचे वय ९६ होते. तरुणपणापासून ते लढाया लढले, सिंहांच्या शिकारी केल्या, अंगावर जखमा झेलल्या. पण मृत्यू आला तो वृद्धापकाळाने आणि तोही रमजानच्या शेवटच्या दहा पवित्र दिवसांत. त्यांचे नाव उसामा इब्न मुनकिज.

सीरियातील आसी नदीच्या काठी शैजर नावाचा किल्ला आहे. मुनकिज घराण्याच्या या किल्ल्यात १०९५ साली उसामांचा जन्म झाला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पोप दुसरे अर्बन यांनी जेरुसलेम जिंकण्यासाठी ख्रिस्ती सरदारांना हाक दिली. उसामांचे आयुष्य आणि क्रुसेड म्हणून ओळखली जाणारी युद्धे अशी बरोबरीनेच सुरू झाली. युरोपातून आलेल्या या लोकांना अरब ‘इफ्रंज’ म्हणत. तोच शब्द पुढे फारसीच्या वाटेने मराठीत ‘फिरंगी’ म्हणून आला.

वडील मुर्शिद यांच्याकडे किल्ल्याची गादी चालून आली होती. त्यांनी ती धाकट्या भावाला, सुलतान यांना देऊन टाकली. दिवसा रोजा, कुरआनचे पठण आणि शिकार. रात्री दिव्याच्या उजेडात कुरआनच्या प्रती लिहिणे, असा त्यांचा क्रम. त्यांनी स्वहस्ते चाळीसहून अधिक प्रती लिहिल्या. उसामांच्या हाती भाला आणि लेखणी दोन्ही आली ती याच घरात.

त्या काळी लढवय्याचा जीव चिलखतावर अवलंबून असे. हजारो लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून ते विणले जाई. एकेक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकवायची, तिची टोके चपटी करून बारीक खिळ्याने ठोकून बंद करायची, असे ते चिकाटीचे काम. मुस्लिम समाजात या कारागिरीचे नाते थेट हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्याशी जोडले जाते. ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांतले राजा डेव्हिड ते हेच. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि त्यांना चिलखत बनवायला शिकवले, असे कुरआन सांगते.

तलवारीचा वार या कड्या अडवत. पण दौडत्या घोड्याचा जोर मागे असलेला भाला त्या फोडू शकत असे. शिवाय कडी तुटली नाही तरी आघात आत पोहोचायचाच. म्हणून श्रीमंत योद्धे ‘कझागंद’ वापरत. वरून साधा जाड अंगरखा, आत मात्र लोखंड. उसामांच्या कझागंदात एक लांब फिरंगी चिलखत होते, त्यावर कमरेपर्यंतचे दुसरे आणि सोबत नमदा, जाडे रेशीम व सशाचे केस यांचा थर. एकदा रात्रीच्या मोहिमेत सोबतच्या सरदाराला वाटले, उसामा चिलखताविनाच निघाले आहेत. तेव्हा त्यांनी घोड्यावरच अंगरख्याचे अस्तर फाडून आतले लोखंड दाखवले.

पण चिलखताने काय वाचते आणि काय नाही, हे त्यांना फार लवकर कळले होते. १११९ च्या ऑगस्टमध्ये अफामियाजवळ ते फिरंग्यांशी पहिल्यांदा लढले. वय २४. काळ्या घोड्यावरच्या, पूर्ण चिलखत घातलेल्या एका फिरंगी स्वारावर त्यांनी भाला घातला. भाला आरपार गेला. स्वार मेला, अशी त्यांची खात्री झाली. काही काळाने एक फिरंगी शैजरला आला आणि तो भाला मारणारा कोण, हे त्याने पाहायला मागितले. चिलखताचे दोन थर फुटूनही तो स्वार, फिलिप, जिवंत होता! भाला कुशीच्या कातडीतून निघून गेला होता. काका सुलतान यांनी याचे श्रेय लोखंडाला दिले नाही, तकदीरला दिले. त्याच लढाईत दुसऱ्या एका फिरंग्याने वेगाने दौडता यावे म्हणून चिलखत उतरवून टाकले होते. तो मात्र जागीच ठार झाला.

धैर्याचा धडा त्यांना आईकडून मिळाला. इस्माइली पंथाच्या लोकांनी शैजरवर अचानक हल्ला केला तेव्हा उसामा घरी नव्हते. परतून पाहतात तो त्यांच्या तलवारी आणि कझागंद जागेवर नाहीत. लढायला निघालेल्यांना आईने ते वाटून टाकले होते. आणि बहिणीला दरीकडच्या सज्जात बसवून ती स्वतः दाराशी बसली होती; शत्रू आत शिरला तर मुलगी त्याच्या हाती पडू द्यायची नाही, हा निश्चय करून.

वडिलांच्या निधनानंतर काकांशी बिनसले आणि ११३८ साली उसामांना शैजर कायमचे सोडावे लागले. पुढे दमास्कस, मग कैरो. कैरोच्या दरबारी कटांत त्यांच्यावरही बोट ठेवले गेले. दमास्कसचे दूत म्हणून ते फिरंग्यांच्या राज्यातही जात. जेरुसलेममध्ये टेम्पलर सरदारांशी त्यांची मैत्री जुळली. अल-अक्साजवळची एक छोटी मशीद टेम्पलरांनी चर्च केली होती. उसामा आले की ते ती नमाजसाठी मोकळी करून देत. एकदा नुकत्याच आलेल्या एका फिरंग्याने नमाज पढताना त्यांचे तोंड जबरदस्तीने पूर्वेकडे फिरवले. टेम्पलर मित्रांनी त्याला बाहेर काढले आणि उसामांची माफी मागितली. फिरंगी शत्रू होते, तरी हा प्रसंग लिहून ठेवायला उसामा विसरले नाहीत.

११५४ साली कैरो सोडल्यावर त्यांचे कुटुंब मागाहून जहाजाने निघाले. जेरुसलेमचा राजा तिसरा बाल्डविन याने अभयपत्र दिले होते. तरीही अक्काजवळ त्याच्याच माणसांनी जहाज फोडून लुटले. बायकामुले सुखरूप राहिली, म्हणून गेलेल्या संपत्तीचे दुःख उसामांनी गिळले. पण त्यात ४,००० ग्रंथ गेले. ती सल जन्मभर राहिली.

त्याहून मोठा घाव ११५७ च्या ऑगस्टमध्ये बसला. भूकंपाने शैजर कोसळले आणि तिथले मुनकिज घराणे जवळजवळ सगळे ढिगाऱ्याखाली गाडले गेले. ज्यांनी दूर केले, त्यांच्यामुळेच उसामा वाचले होते. ओस पडलेल्या घरांवरच्या कवितांचा एक मोठा ग्रंथ त्यांनी पुढे सिद्ध केला.

११७४ नंतर सुलतान सलाहुद्दीन यांनी त्यांना दमास्कसला मानाने बोलावून घेतले. नव्वदीत त्यांनी आठवणी सांगितल्या. ‘किताबुल इतिबार’ म्हणजे बोध देणारे पुस्तक. त्याची हस्तलिखित प्रत आज स्पेनमधील एस्कोरियल ग्रंथालयात आहे. भाला पेलणारा हात आता लेखणी धरतानाही थरथरतो, अशी खंत त्यात आहे. आणि एक समजही आहे : संकटात उडी घेतल्याने मृत्यू लवकर येत नाही, आणि कितीही जपले तरी उशिरा येत नाही. दोन चिलखते एकावर एक घालणाऱ्या माणसाने हे सांगावे, यात त्याचे वजन आहे. चिलखत घालणे हे माणसाचे काम. राखणे हे अल्लाहचे.

दमास्कसच्या कासियून डोंगराच्या पूर्वेला त्यांना दफन केले गेले. पुढे चरित्रकार इब्न खल्लिकान त्या कबरीपाशी गेले. त्यांनी तिथे कुरआनचा काही भाग वाचला, उसामांसाठी दुआ मागितली आणि ते परतले.