छंदाला आश्रय हवा

अमरावती-अकोल्याच्या विहिरींवर ज्या नावाची ऑइल इंजिने आणि पंप परिचयाचे झाले, त्या नावामागे यंत्रांचे वेड असलेला एक शिक्षक होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा. ते मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. परंतु रंगभेद नीट कळेना, म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि तेच शिकवू लागले. बढती डावलली जाताच नोकरी सोडून ते बेळगावास आले. तेथे भावासह सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे गेली. पुढे नगरपालिकेने कारखान्याची जागाही सोडावयास लावली. अशा वेळी, १९१० मध्ये, औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळचा ओसाड माळ दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९४६ मध्ये पुत्र शंतनुरावांच्या पुढाकाराने पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. १९५६ मध्ये लक्ष्मणराव निवर्तले.

बुद्धी व चिकाटी त्यांची स्वतःची होती. जमीन आणि विश्वास मात्र दुसऱ्याने दिला. यंत्रे खोलून जोडणारी मुले वऱ्हाडातही आहेत. त्यांच्यासाठी औंध कोण होणार, हा खरा प्रश्न आहे.